चादर सोलापूरची, पण ती विणणारी माणसं आली कुठून?

सोलापूरच्या नवी पेठेत चादर घ्यायला गेलात तर दुकानदार आधी घडी उलगडतो आणि मग ती उलटी करून दाखवतो. एका बाजूला लाल जमिनीवर पिवळी नक्षी, तर दुसऱ्या बाजूला पिवळ्या जमिनीवर तीच नक्षी लाल. मग भाव ठरतो, पिशवी भरते आणि चादर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे रवाना होते.

आता या धंद्यातली गाजलेली नावं जरा नीट वाचा. चाटला. पुलगम. ही आडनावं देशमुख, पाटील, कुलकर्णी यांच्यातली नाहीत. ती तेलुगू आहेत.

महाराष्ट्राची ओळख म्हणून जी वस्तू जगभर मिरवते, ती विणणाऱ्यांत फार मोठा वाटा तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा आहे. चादरीवर शहराचं नाव आलं, पण शहराच्या गोष्टीत ही माणसं मात्र एखाद्या ओळीपुरतीच येतात. ही माणसं कोण, ती सोलापुरात का आली आणि त्यांनी या शहराला काय दिलं, ते समजून घेऊया.

पद्मशाली म्हणजे कोण?

पद्मशाली हा तेलुगू भाषक विणकर समाज. मराठीतला 'साळी' आणि तेलुगूतला 'शाली' किंवा 'साले' हे शब्द एकाच कुळातले, अर्थ विणकर. 'पद्म' म्हणजे कमळ. समाजाची आख्यायिका अशी, की मार्कंडेय ऋषींचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंपासून सूत काढलं आणि देवांसाठी वस्त्र विणलं. म्हणून मार्कंडेय हे कुलपुरुष आणि विणकाम हे कुळाचं काम.

सोलापुरात विणकाम करणारा हा एकटाच समाज नाही. मराठी साळी आणि कोष्टी आहेत, मुस्लिम विणकर आहेत, तोगटवीर आणि कुरुहिनशेट्टी आहेत. पण शहराच्या पूर्व भागात गेलात तर तेलुगूचा ठसा सगळ्यात ठळक दिसतो. तिथल्या एका पेठेचं नावच 'आंध्र भद्रावती पेठ' आहे. भद्रावती म्हणजे भावनाऋषींची पत्नी. गाव सोडून आलेल्या विणकरांनी आपली देवी सोबत आणली आणि ती थेट सोलापूरच्या पत्त्यात जाऊन बसली.

ते सोलापुरात का आले?

सोलापूर आज नकाशावर महाराष्ट्राच्या टोकाला दिसतं. पण १९व्या शतकात ते एका वेगळ्याच हद्दीवर होतं. अलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांचे रस्ते इथे एकत्र यायचे. हातमागाची परंपरा इथे आधीपासून होतीच.

मग काही गोष्टी पाठोपाठ घडल्या.

पहिली, रेल्वे. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रेल्वे पोहोचली. पुढे ही लाईन दक्षिणेकडे सरकली आणि १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला जाणारा निजामाचा फाटा सुरू झाला. तेलंगणातला विणकर आता गाडीत बसून सोलापुरात उतरू शकत होता.

दुसरी, गिरणी. १८७०च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल उभी राहिली. हीच ती 'जुनी मिल'. त्यानंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. या गिरण्यांनी दोन प्रकारे लोकांना ओढलं. कामगारांना पगार मिळू लागला आणि हातमागवाल्यांना सूत दारात मिळू लागलं. गिरणी आली की हातमाग मरतो असं आपण शाळेत वाचलेलं असतं. सोलापुरात मात्र गिरणीच्या सुतावर हातमाग वाढला.

तिसरी, दुष्काळ. १८७६ ते १८७८ चा आणि नंतर १८९६ ते १९०० या काळातले लागोपाठचे दुष्काळ दख्खनच्या कायम लक्षात राहिले. दुष्काळात विणकराची कोंडी दुहेरी होते. धान्य महागतं आणि त्याच वेळी कापड कोणी विकत घेत नाही, कारण पोटाला नसताना लुगडं कोण घेणार? माग असून उपाशी राहायची वेळ आली की विणकर जिथे सूत, व्यापारी आणि गिऱ्हाईक असेल तिथे निघून जायचा.

चौथी, गावाकडची परिस्थिती. निजामाच्या तेलंगणात देशमुख-जमीनदारांची वेठ चालायची. कारागिरांना मोबदल्याशिवाय राबावं लागायचं. शहरात कष्ट कमी नव्हते, पण हातात रोख पैसा यायचा.

एकदा एक कुटुंब आलं की मागून भाऊ, मेव्हणा, शेजारी येत गेले. असं दोन-तीन पिढ्या चाललं. हाच समाज मुंबई, भिवंडी आणि सुरतेलाही गेला. भिवंडीतही 'पद्मानगर' नावाची वस्ती आहे.

त्यांनी नेमकं काय घडवलं?

सुरुवात चादरीनं झालेली नाही, हे आधी लक्षात घ्या. २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत सोलापूरचे माग प्रामुख्यानं लुगडी विणायचे. महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांच्या अंगावरची नऊवारी सोलापूरच्या मागावरून यायची. म्हणजे मराठमोळी म्हणून आपण जी साडी डोळ्यांसमोर आणतो, तिचं सूत अनेकदा तेलुगू बोलणाऱ्या घरात ताणलं गेलेलं असायचं.

मग काळ बदलला. नऊवारी मागे पडली, गोल साडी आली, गिरणीचं आणि पुढे यंत्रमागाचं कापड स्वस्त झालं. लुगड्यावर अवलंबून असलेलं गाव इथे संपायला हवं होतं. पण सोलापूरच्या कारखानदारांनी माल बदलला. चादर आली, टेरी टॉवेल आला, नॅपकिन आला. सोलापूर वाचलं ते या बदलामुळे.

चादरीची कमाल तिच्या जकार्डात आहे. जकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कोणत्या भोकामुळे ताण्याचा कोणता धागा वर उचलला जाणार, हे आधीच ठरलेलं असतं. धागे वर-खाली होतात, मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो आणि नक्षी उमटते. सोलापुरी चादरीत कापडाचे दोन थर एकमेकांत गुंफत विणले जातात, म्हणून रंग उलटसुलट होऊन नक्षी दोन्ही बाजूंना दिसते. नवी पेठेतला दुकानदार चादर उलटी करून दाखवतो, ती याचसाठी.

या कामाची दखल २००५-०६ मध्ये घेतली गेली. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग मिळाला. महाराष्ट्रातून हा मान मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंमध्ये या दोघी आहेत. पैठणी आणि पुणेरी पगडीचा नंबर त्यानंतर लागला.

फक्त कापडच विणलं का?

नाही. शहरही विणलं.

पूर्व भागात समाजानं आपल्या पैशातून संस्था उभ्या केल्या. पद्मशाली शिक्षण संस्था, कुचन प्रशाला, अ. र. बुर्ला महिला महाविद्यालय, मार्कंडेय सहकारी रुग्णालय. मुलींसाठीचं स्वतंत्र महाविद्यालय ही साधी गोष्ट नाही, कारण या भागातल्या अनेक मुलींचं बालपण घरी कांड्या भरण्यात आणि विड्या वळण्यात जायचं.

राजकारणात पाहा. गंगाधर कुचन १९८० आणि १९८४ मध्ये सोलापूरचे खासदार झाले. त्यांच्यानंतर १९८९ आणि १९९१ मध्ये धर्मण्णा सादूल निवडून आले. म्हणजे जवळपास दीड दशक या मराठी जिल्ह्याचा आवाज दिल्लीत तेलुगू वळणाच्या आडनावांनी पोहोचवला. विधानसभेत माकपचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा गेले. सोलापूर त्यांना 'आडम मास्तर' म्हणून ओळखतं.

साहित्यात लक्ष्मीनारायण बोल्ली यांचं नाव घ्यावंच लागेल. घरची भाषा तेलुगू, पण लिहिलं मराठीत. तेलुगू आणि मराठी यांच्यात अनुवादाचा पूल बांधला. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'एका साळियाने'. विणकराच्या घरातलं जगणं मराठीत आतून सांगणारी अशी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

आणि सण. रक्षाबंधनाच्या दिवशी महाराष्ट्राचा किनारा नारळी पौर्णिमा साजरी करतो. सोलापूरच्या पूर्व भागात त्याच दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव निघतो. तेलुगूत या पौर्णिमेला विणकर 'नूल पुन्नमी' म्हणतात. 'नूलू' म्हणजे सूत. सुताच्या धाग्याचाच सण! नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात आणि दाजी पेठेत व्यंकटेश्वराचा उत्सव होतो. हे सगळं त्याच शहरात, जिथे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि नंदीध्वज निघतात.

बायकांचं काम कुठे गेलं?

या गोष्टीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे हा.

माग चालवणारा पुरुष दिसतो. पण मागावर बसण्याआधी सूत उकलावं लागतं, कांड्या भराव्या लागतात, ताणा तयार करावा लागतो. घरच्या मागावर ही कामं बायका आणि मुलं करायची. त्याची वेगळी मजुरी नसायची. कापड विकलं गेलं की पैसे 'घराला' मिळायचे. त्यामुळे कागदावर विणकर एक, प्रत्यक्षात राबणारे चार-पाच.

पुढे माग घरातून कारखान्यात गेला तसं बायकांच्या हातात विडी आली. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घ्यायचा. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची आणि दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. मागाला काम नसेल त्या महिन्यात घर विडीवर चालायचं. सोलापूरचा यंत्रमाग मंदीतून पुन्हा पुन्हा उठू शकला, त्यामागे या बायकांच्या विड्यांचा मोठा हात आहे. चादरीच्या जाहिरातीत ही गोष्ट कधीच नसते.

या बायकांनी संघटना बांधली, मोर्चे काढले आणि घरं मिळवली. कुंभारी इथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची वसाहत झाली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते २००६ मध्ये ती घरं देण्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. या वसाहतींत सगळ्या भाषांची आणि जातीधर्मांची कुटुंबं राहतात. पण हा लढा उभा राहिला तो विडी वळणाऱ्या बायकांच्या जोरावर, आणि त्यांत तेलुगू घरांतल्या बायकांची संख्या मोठी होती.

मग इतिहासात हे ठळकपणे का येत नाही?

त्याची काही साधी कारणं आहेत.

एक, कागद मालकाचा असतो. गिरणीचा इतिहास लिहिताना संस्थापक कोण, भांडवल किती, यंत्रं कुठून आली हे सापडतं. मागावर कोण बसलं होतं याची नोंद फार तर हजेरीपटावर असते आणि गिरणी बंद पडली की हजेरीपट रद्दीत जातो. जुनी मिल १९६०च्या दशकातच बंद झाली. बाकीच्या मोठ्या गिरण्याही पुढच्या काही दशकांत गेल्या.

दोन, भाषा. पहिल्या पिढीचा हिशेब, पत्रं, भजनांच्या वह्या तेलुगूत. नातवंडं मराठी आणि इंग्रजी शाळांत शिकली. त्यांना तेलुगू बोलता येतं, पण अनेकांना वाचता येत नाही. घरातच असलेली वही घरातल्यांनाच वाचता येत नाही, मग बाहेरचा अभ्यासक कुठून वाचणार?

तीन, आपण इतिहासात नेत्यांची नावं लक्षात ठेवतो, गर्दीची नाही. १९३० चं सोलापूर आठवा. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि १२ मे ते ३० जून मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं नुसती एकापाठोपाठ वाचली तरी सोलापूर किती भाषांचं आणि धर्मांचं शहर होतं ते कळतं. पण त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या हजारो गिरणी कामगारांपैकी बहुतेकांची नावं आज कोणालाच माहीत नाहीत.

चार, राज्याचा इतिहास एकाच भाषेच्या चौकटीत सांगायची सवय. याचं एक उदाहरण मुंबईचं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत भक्कम पाठिंबा देणाऱ्यांत जाया काराडी लिंगू आणि व्यंकू बाळोजी कालेवार यांच्यासारखे तेलुगू कंत्राटदार होते. कामाठीपुरा हे नावच निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. आज त्या नावाचा हा अर्थ किती जणांना ठाऊक आहे?

असं फक्त आपल्याकडेच होतं का?

मुळीच नाही. यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं आहे.

अमेरिका घडवणारे म्हणजे इंग्रज वंशाचे लोक, असा एक सर्वसाधारण समज असतो. पण १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी जेम्स स्मिथ, जॉर्ज टेलर आणि मॅथ्यू थॉर्नटन हे तिघं आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. अमेरिकी नौदलाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो जॉन बॅरी आयर्लंडच्या वेक्सफर्डचा. व्हाईट हाऊसचा आराखडा काढणारा जेम्स होबन किल्केनीचा. १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्यावर माती उपसणाऱ्यांत आयरिश मजूर मोठ्या संख्येनं होते.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं गेलं, भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो लोक जहाजांनी अमेरिकेला निघाले. तिथे त्यांच्या वाट्याला घाणीची कामं, गलिच्छ वस्त्या आणि 'आयरिशांनी अर्ज करू नये' अशा पाट्या आल्या. त्याच समाजाचा एक पणतू, जॉन केनेडी, १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. १९९१ पासून अमेरिका मार्च हा आयरिश-अमेरिकी वारशाचा महिना म्हणून पाळते.

दुष्काळ, स्थलांतर, अंगमेहनतीची कामं, आधी हिणवणं आणि नंतर मिरवणूक. सोलापूरशी जुळणाऱ्या खुणा बऱ्याच आहेत. फरकही आहे. आयरिश समुद्र ओलांडून गेले. पद्मशाली आपल्याच दख्खनमध्ये काही जिल्हे ओलांडून आले. त्यांना 'परके' म्हणायचं तर हद्द कोणती मानायची, हाच प्रश्न आहे. निजामाची, इंग्रजांची, की १९५६ नंतरच्या भाषावार राज्यांची? ते आले तेव्हा यातली शेवटची हद्द अजून आखलीच गेली नव्हती.

वारशाचा अभिमान बाळगताना काय जपायचं?

अभिमान हवाच. पण तो सगळ्या गोष्टीचा हवा.

आयरिश अमेरिकनांच्या इतिहासात १८६३ चं न्यूयॉर्कही आहे. सक्तीच्या सैन्यभरतीविरोधात दंगल झाली, तिच्यात आयरिश मजूर पुढे होते आणि त्यांचा राग शहरातल्या कृष्णवर्णीयांवर निघाला. माणसं मारली गेली, अनाथाश्रम जाळला गेला. स्वतः हिणवलं गेलेला समाज दुसऱ्याला हिणवणार नाही याची खात्री नसते. मिरवणुकीत हे पान कोणी फडकवत नाही, पण ते फाडूनही चालत नाही.

सोलापूरच्या गोष्टीतही सगळं गोड नाही. मागाचा मालक आणि मागावर राबणारा कामगार अनेकदा एकाच समाजाचे होते, पण दोघांचं जगणं एक नव्हतं. कामगार कारखान्यातच झोपायचा, उचल घ्यायचा आणि ती फेडण्यात वर्षं घालवायचा. बोनस आणि मजुरीवरून संप झाले. 'आपल्या समाजानं शहर घडवलं' असं म्हणताना घडवणाऱ्यात कारखानदार, कामगार आणि विडी वळणारी बाई असे तिघंही मोजले पाहिजेत.

दुसरी गोष्ट, एकाचा अभिमान म्हणजे दुसऱ्याचा अपमान नव्हे. सोलापूरला कन्नड बोलणाऱ्यांनी सिद्धेश्वरांची परंपरा दिली, गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांनी भांडवल दिलं, उर्दू बोलणाऱ्यांनी कारागिरी दिली आणि मराठीनं या सगळ्यांना बोलायला एक सामाईक ओटा दिला. म्हणून तर सोलापूरची मराठी ऐकताक्षणी ओळखू येते. 'काय करलालास बे' हे वाक्य पुण्याच्या व्याकरणात बसत नाही, पण नवी पेठेतून पूर्व भागापर्यंत सगळ्यांना समजतं.

आणि एक मोजमाप स्वतःलाही लावून बघा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. चीननं त्यांना आपलं मानलं याचा आपल्याला केवढा अभिमान आहे! आपला माणूस दुसऱ्यांच्या कामी आला तर त्यांनी त्याला विसरू नये असं आपल्याला वाटतं. मग जी माणसं आपल्या कामी आली, त्यांच्याबाबतीत आपणही तेवढंच करायला हवं.

आज काय स्थिती आहे?

आज हातमागाचा आवाज जवळपास थांबलाय. यंत्रमागांवरही संकट आहे. सुताचे भाव, वीजबिल, कामगारांची टंचाई आणि इतर शहरांतून येणारा स्वस्त माल, अशी चौफेर कोंडी आहे. पानिपतकडची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, ही इथल्या उत्पादकांची जुनी तक्रार. जीआय टॅगमुळे कायद्याचा आधार मिळतो, पण गिऱ्हाईकानं विचारलंच नाही तर टॅग नुसता कागदावर राहतो. त्यामुळे पुढच्या वेळी चादर घेताना ती कुठे विणली आहे हे दुकानदाराला जरूर विचारा आणि लेबल वाचा.

विणकरांची नवी पिढी पुणे, हैदराबाद, बंगळुरूला नोकरीला जातेय. पणजोबा तेलंगणातून सोलापूरला आले, पणतू सोलापुरातून हैदराबादला चालला. यात वाईट काही नाही. पण मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांची गोष्ट सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आपण काय करू शकतो?

तुम्ही सोलापूरच्या अशा घरातले असाल तर हे आजच करता येईल.

– घरातल्या ज्येष्ठांना फोनसमोर बसवा आणि बोलतं करा. मूळ गाव कोणतं, सोलापुरात पहिलं कोण आलं, कोणत्या पेठेत खोली घेतली, पहिला माग कोणाचा होता, हे विचारा. तेलुगूत बोलतील तर तेलुगूतच रेकॉर्ड करा.

– आजीला वेगळं विचारा. दिवसाला किती विड्या वळायची, कांड्या भरायला कोणी शिकवलं, हातात पैसे कधी आले. आजोबांच्या गोष्टीत ही माहिती येत नाही.

– जुन्या वह्या, गिरणीचे पास, पगाराच्या पावत्या आणि जकार्डचे पुठ्ठे रद्दीत देऊ नका. निदान फोटो काढून ठेवा. मागे तारीख आणि नाव लिहा.

– आडनावाचा अर्थ शोधा. तेलुगूत आडनावाला 'इंटी पेरू' म्हणतात, म्हणजे 'घराचं नाव'. अनेकदा त्यात मूळ गाव किंवा घराण्याची खूण दडलेली असते.

तुम्ही सोलापूरचे नसाल तरी घरात एखादी सोलापुरी चादर असेलच. गावाच्या गोष्टी बहुतेक वेळा वेशीवरच्या कमानीपासून सुरू होतात आणि आत राहणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. सोलापूरची गोष्ट सांगायची तर ती पूर्व भागातल्या एका खोलीतून, तेलुगूत ज्याला 'मग्गम्' म्हणतात त्या मागापासून सुरू करावी लागेल. त्या मागावर बसलेला माणूस घरात तेलुगू बोलायचा, बाजारात मराठी बोलायचा आणि कुठला म्हणून विचारलं तर सांगायचा, सोलापूरचा.